‘शिफ्ट’ म्हणजे नेमकं काय हलतं?

पुण्यातल्या एका कंपनीत काम करणाऱ्या वाचकाने विचारलं आहे: लंडनच्या सहकाऱ्याला त्यांनी ईमेल लिहिली, ‘आय ॲम शिफ्टिंग धिस वीकेंड, सो आय विल बी ऑफलाइन.’ त्यावर उत्तर आलं, ‘शिफ्टिंग व्हॉट?’ यात चुकलं काय, शिफ्ट म्हणजे हलवणं किंवा हलणंच ना, आणि मग मूव्ह, ट्रान्सफर, कॅरी यांच्याहून ते वेगळं कसं, असे तीन प्रश्न त्यांनी एकत्र मांडले आहेत.

मी बरीच वर्षं इंग्रजी कागदपत्रांचं भाषांतर आणि संपादन करते. अभियंत्यांचे अहवाल, टेंडरं, परदेशी नोकरीसाठी निघालेल्या नर्सेसची पत्रं असा मजकूर सतत हातून जातो. त्यात माझी पेन्सिल ज्या क्रियापदांवर हमखास थांबते, त्यांत शिफ्टचा नंबर फार वरचा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या वाक्याबद्दल. ते चुकीचं नाही. घर बदलणं या अर्थाने शिफ्ट होणं भारतीय इंग्रजीत पूर्ण रुळलेलं आहे; नागपूरपासून चेन्नईपर्यंत कुणीही हे वाक्य वाचून अडणार नाही. न्यूझीलंडमध्येही लोक ‘शिफ्ट हाउस’ म्हणतात. लंडनच्या माणसाची अडचण एवढीच की त्याच्या इंग्रजीत घर बदलणारा माणूस मूव्ह करतो. शिफ्ट दिसलं की तो कर्म शोधायला लागतो: कपाट सरकवताय, माल काढताय, की आणखी काही? म्हणून त्याने विचारलं, ‘काय?’ त्याला कळावं म्हणून लिहायचं तर ‘आय ॲम मूव्हिंग हाउस धिस वीकेंड’, आणि अमेरिकेतल्या माणसासाठी नुसतं ‘आय ॲम मूव्हिंग’. ट्रक घेऊन येणाऱ्या मंडळींना ब्रिटनमध्ये ‘रिमूव्हल्स’वाले म्हणतात, अमेरिकेत ‘मूव्हर्स’. आपल्याकडे पाटीवर ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ असतं, तरी फोन केल्यावर आपण ‘शिफ्टिंग करायचंय’ असंच सांगतो.

हे आपल्या तोंडी इतकं का बसलं? मला वाटतं, आपलं ‘हलवणे’ फार मोठं क्रियापद आहे. आपण बिऱ्हाड हलवतो, मुक्काम हलवतो, दुकान हलवतो. वर्तमानपत्रात ‘जखमींना ससून रुग्णालयात हलवण्यात आले’ असं छापून येतं आणि इंग्रजी पानावर तीच बातमी ‘द इंजर्ड वेअर शिफ्टेड टु हॉस्पिटल’ अशी येते. ब्रिटनमधल्या बातमीत इथे ‘टेकन टु हॉस्पिटल’ असेल. हलवणे आणि शिफ्ट यांची आपण मनात जोडी लावून टाकली आहे. पण शिफ्टची खरी जोडी आहे सरकणे आणि सरकवणे. हा एक धागा धरला की या क्रियापदाचे बहुतेक अर्थ आपोआप उलगडतात.

ब्रिटनमध्ये बाकावर बसलेल्या ओळखीच्या माणसाला म्हणतात, ‘शिफ्ट अप अ बिट.’ म्हणजे जरा सरका. माणूस बाकावरच राहतो, फक्त त्याची जागा वीतभर बदलते. ‘ही शिफ्टेड इन हिज चेअर’ म्हणजे तो खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळला. व्यायाम शिकवणारे सांगतात ‘शिफ्ट युअर वेट टु द लेफ्ट फूट’, म्हणजे भार डाव्या पायावर घ्या. पाय उचलून कुठे जायचं नाही. या सगळ्यात प्रवास नाही. एखादी गोष्ट एका जागी बसलेली होती, ती त्या जागेवरून सरकली. शिफ्टचं लक्ष सुटलेल्या जागेकडे आणि बदललेल्या मांडणीकडे असतं, पोचण्याच्या ठिकाणाकडे कमी.

ऑफिसात काम करणाऱ्या प्रत्येकाने हा फरक रोज पाहिलेला आहे. एक्सेलमध्ये मधेच एक चौकोन घुसवायचा म्हटलं की खिडकी उघडते आणि विचारते: ‘शिफ्ट सेल्स राइट’ की ‘शिफ्ट सेल्स डाउन’? चौकोनांची रांग तीच राहते, क्रम तोच राहतो, फक्त सगळे एकेक घर सरकतात. त्याच एक्सेलमध्ये अख्खं शीट दुसऱ्या फाइलमध्ये न्यायचं असेल तर खालच्या पट्टीवर उजवी क्लिक केल्यावर येतं ‘मूव्ह ऑर कॉपी’. तिथे शिफ्ट नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी नेमका शब्द वापरला आहे. शिकवायला बसले की मी हेच उदाहरण आधी घेते.

विमानातली घोषणाही आठवा. उतरल्यावर सांगतात की डोक्यावरचे कप्पे सांभाळून उघडा, सामान ‘मे हॅव शिफ्टेड ड्युरिंग द फ्लाइट’. सामान तुमच्यासोबत मुंबईहून दुबईला आलं, त्याला कुणी शिफ्ट म्हणत नाही. ते कप्प्यातल्या कप्प्यात जागेवरून ढळलं, हे शिफ्ट.

मालवाहतुकीत या शब्दाला जिवाची किंमत आहे. ‘द कार्गो मूव्ह्ड’ आणि ‘द कार्गो शिफ्टेड’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्याचा अर्थ माल रवाना झाला असाही होऊ शकतो. दुसऱ्याचा अर्थ एकच: बांधलेला माल वाटेत सुटून सरकला. २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातल्या बग्राम तळावरून उडालेलं नॅशनल एअरलाइन्सचं बोइंग ७४७ मालवाहू विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळलं आणि आतले सातही कर्मचारी गेले. विमानात पाच जड लष्करी वाहनं होती. नीट न आवळलेलं एक वाहन तरी मागे सरकलं आणि त्याने हायड्रॉलिक यंत्रणा आणि शेपटीकडची नियंत्रणं मोडली, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. अशा घटनेला ‘लोड शिफ्ट’ म्हणतात. जहाजांवर धान्य सुटं भरताना ते एका बाजूला कलंडू नये म्हणून गोदामात उभ्या फळ्या घालत, त्यांचं नाव ‘शिफ्टिंग बोर्ड्‌स’. गोव्यातून आणि कर्नाटकातून जाणाऱ्या लोहखनिजाच्या भुकटीलाही हा धोका असतो. पावसाळ्यात ती ओली राहिली की जहाजाच्या हेलकाव्यांनी चिखलासारखी पातळ होते, एका कुशीवर सरकते आणि जहाज उलटू शकतं. बंदरात काम करणाऱ्या कुणी अहवालात ‘कार्गो वॉज शिफ्टेड टु मुरगाव’ असं लिहिलं, तर परदेशी विमा कंपनीचा माणूस क्षणभर दचकेल. तिथे ‘मूव्ह्ड’ किंवा ‘ट्रान्सपोर्टेड’च हवं.

आता याला लागूनच असलेला दुसरा पदर. शिफ्टमध्ये अनेकदा जोर लावणं असतं. गोष्ट जड आहे, रुतलेली आहे, चिकटलेली आहे, ती जागची हलत नाही. ‘आय कान्ट शिफ्ट धिस वॉर्डरोब’ म्हणजे हे कपाट माझ्याच्याने हलेना. चिवट डाग निघत नसेल तर ‘द स्टेन वोन्ट शिफ्ट’. सर्दी हटत नसेल तर ‘आय कान्ट शिफ्ट धिस कोल्ड’. ब्रिटनमधले दुकानदार पडून राहिलेला माल खपवण्याला ‘शिफ्ट स्टॉक’ म्हणतात. आपलं ‘हलेना’ इथे अचूक बसतं: कपाट हलेना, सर्दी हटेना, माल उठेना.

हे लक्षात घेतलं की रुग्णालयातल्या शिफ्टबद्दल मी का हट्ट धरते ते कळेल. ‘द पेशंट वॉज शिफ्टेड टु आयसीयू’ हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक केसपेपरवर असतं आणि भारतात त्यात काहीही गैर नाही. पण ब्रिटन किंवा आयर्लंडमधल्या वॉर्डात ते वाचणाऱ्या कानाला माणूस पलंगासारखा सरकवला असा सूर लागतो. आजारी माणसाबद्दल तो सूर नको. एकाच रुग्णालयात खोली किंवा विभाग बदलला तर ‘मूव्ह्ड टु इन्टेन्सिव्ह केअर’. एका रुग्णालयातून दुसऱ्यात, किंवा एका डॉक्टरांच्या देखरेखीतून दुसऱ्यांच्या देखरेखीत गेला तर ‘ट्रान्सफर्ड’. घरून किंवा अपघाताच्या जागेवरून आणलं तर ‘टेकन’ किंवा ‘ब्रॉट’, आणि ही निवड लिहिणारा कुठे उभा आहे यावर ठरते: रुग्णालयातून लिहिताना ‘ब्रॉट इन’, बाहेरून लिहिताना ‘टेकन टु’. परदेशी नोकरीसाठी नर्सेस देतात त्या ओईटी (ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट) या इंग्रजीच्या परीक्षेत त्यांना पत्र लिहायला देतात, आणि त्यात रुग्ण दुसरीकडे पाठवण्याचं पत्र, म्हणजे ट्रान्सफर लेटर, हा एक नेहमीचा प्रकार आहे. पत्राचं नावच योग्य क्रियापद सांगतं. तरी सवयीने शिफ्टेड लिहिलं जातं, इतकं ते आपल्या हातात बसलेलं आहे.

ट्रान्सफरचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करते. ट्रान्सफरमध्ये ताबा बदलतो. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वर्ग होतात, माणसाची बदली होते, जमीन हस्तांतरित होते, कैदी एका कारागृहातून दुसऱ्यात जातो. ‘आय वॉज ट्रान्सफर्ड टु नाशिक’ म्हणजे माझी नाशिकला बदली झाली, कंपनीने किंवा सरकारने केली. ‘आय मूव्ह्ड टु नाशिक’ म्हणजे मी नाशिकला राहायला गेले; कारण काहीही असो. या दोन्हींच्या जागी आपण ‘आय शिफ्टेड टु नाशिक’ लिहितो, तेव्हा बदली झाली की आपण होऊन गेलो हे वाचणाऱ्याला कळतच नाही. नोकरीच्या अर्जात हा फरक महत्त्वाचा असतो. पैशांच्या बाबतीत तर जास्तच सांभाळा. ‘ही शिफ्टेड द मनी टु अनदर अकाउंट’ वाचताना पैसे गुपचूप बाजूला काढले असा वास येऊ शकतो. अर्थसंकल्पात ‘फंड्‌स वेअर शिफ्टेड फ्रॉम रोड्‌स टु वॉटर’ मात्र ठीक आहे, कारण तिथे एका खर्चाकडून दुसऱ्याकडे वाटणी सरकवली.

कॅरीचं काम सोपं आहे: अंगाखांद्यावर, हातात किंवा वाहनात घेऊन जाणं. ट्रान्सपोर्ट म्हणजे रीतसर वाहतूक. हॉल म्हणजे जड काही ओढून किंवा दूरवर नेणं; लांब पल्ल्याच्या विमानांना ‘लाँग हॉल’ म्हणतात ते त्यातूनच. यांचा शिफ्टशी गोंधळ फारसा होत नाही, म्हणून इथे थांबत नाही.

टेंडरं तपासताना मात्र एक शब्दप्रयोग सारखा भेटतो: ‘शिफ्टिंग ऑफ युटिलिटीज’. रस्ता रुंद करताना किंवा मेट्रोचे खांब उभे करताना वाटेत येणाऱ्या जलवाहिन्या, विजेचे खांब, केबली बाजूला घ्याव्या लागतात, ते हे काम. अर्थाच्या दृष्टीने हा वापर मला आवडतो, कारण वाहिनी खरोखरच काही मीटर सरकवली जाते. भारतातल्या कामाच्या कागदात मी तो तसाच ठेवते. पण निविदा परदेशी कंपन्यांसाठी असेल, तर ब्रिटिश अभियंता ‘युटिलिटी डायव्हर्जन’ शोधतो आणि अमेरिकन ‘युटिलिटी रिलोकेशन’. अशा वेळी कागदाच्या सुरुवातीच्या व्याख्यांत एकदा दोन्ही नावं नोंदवून टाकावीत. आणि त्याच टेंडरमध्ये पुढे ‘शिफ्टिंग ऑफ फॅमिलीज’ आलं, तर तिथे माझी पेन्सिल चालतेच. घरं सोडून जाणाऱ्या कुटुंबांसाठी ‘रिलोकेशन’ किंवा ‘रीसेटलमेंट’ हे शब्द आहेत. त्यांच्याबरोबर भरपाई आणि पुनर्वसनाची जबाबदारी येते. खांब आणि कुटुंब यांना एकाच क्रियापदात बसवू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता नाम. शिफ्ट म्हणजे पाळी, हा अर्थ कुठून आला? जुन्या इंग्रजीतल्या ‘शिफ्टन’ या क्रियापदाचा अर्थ होता वाटणी करणं, मांडणी लावणं. त्याच कुळातल्या जर्मन ‘शिश्त’चे आजही दोन अर्थ आहेत: थर, आणि कामाची पाळी. म्हणजे दिवसाचे थर लावायचे, माणसांच्या तुकड्या वाटून द्यायच्या, एक उठली की दुसरी तिच्या जागी बसते. मुंबईच्या गिरण्यांत हेच काम ‘पाळी’ या शब्दाने केलं: पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. इथे भारतीयांची चूक अर्थाची नसते, शब्दयोगी अव्ययाची असते. आपण ‘नाइट शिफ्टमध्ये’ असतो म्हणून ‘आय ॲम इन नाइट शिफ्ट’ लिहितो. इंग्रजीत ते ‘ऑन द नाइट शिफ्ट’ किंवा नुसतं ‘ऑन नाइट्स’. पाळ्यांमध्ये काम करतो हे सांगायला ‘आय वर्क शिफ्ट्‌स’. ‘शिफ्ट ड्यूटी’ आणि ‘शिफ्ट टायमिंग्ज’ आपल्या घरचे शब्द आहेत. बाहेरच्या वाचकासाठी ‘शिफ्ट वर्क’ आणि ‘अवर्स’.

शाळेच्या भूगोलात ‘स्थलांतरित शेती’ शिकवतात ती इंग्रजीत ‘शिफ्टिंग कल्टिव्हेशन’. ईशान्य भारतात तिला झूम म्हणतात, गोव्यात कुमेरी. जंगलाचा एक तुकडा जाळून पिकं घ्यायची, कस उतरला की शेजारचा तुकडा घ्यायचा, आणि काही वर्षांनी पुन्हा पहिल्याकडे यायचं. शेती एका परिघात सरकत राहते. जगभर रूढ असलेली ही संज्ञा आहे, ती बदलायची गरज नाही.

अमूर्त गोष्टींसाठी शिफ्ट फार उपयोगी पडतं, आणि तिथे ते वापरायला मी उलट उत्तेजनच देते. ‘द विंड शिफ्टेड’, वारा फिरला. ‘पब्लिक ओपिनियन इज शिफ्टिंग’, लोकमत सरकू लागलंय; उलटलेलं नाही, कल बदलतोय. चेंज म्हटलं की बदल पूर्ण झाल्यासारखा वाटतो. शिफ्टमध्ये तो दिशेचा किंवा भाराचा असतो, बहुतेकदा हळूहळू झालेला. ‘अ शिफ्ट इन पॉलिसी’ असं लिहिणारा पत्रकार सांगत असतो की धोरण तेच आहे, भर दुसऱ्या बाबीवर गेला. ‘शिफ्ट द ब्लेम ऑन टु समवन’ म्हणजे दुसऱ्याच्या माथी खापर फोडणं. ‘पॅराडाइम शिफ्ट’ हा शब्दप्रयोग विज्ञानाचे इतिहासकार थॉमस कून यांनी १९६२ मध्ये विज्ञानातल्या क्रांतींबद्दल लिहिताना लोकप्रिय केला. त्यांना अभिप्रेत होती ती एखाद्या शास्त्राची पूर्ण चौकटच बदलण्याची घटना. नव्या हजेरीपत्रकाच्या ॲपला तो शब्द लावू नये.

भाषाशास्त्रातलं एक उदाहरण मात्र सोडवत नाही, कारण ते मराठी माणसाला सहज दिसतं. जर्मन भाषातज्ज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये नियमबद्ध रीतीने दाखवून दिलं की इंग्रजी-जर्मन ज्या कुळातल्या आहेत त्या भाषांत काही व्यंजनं ठरावीक रीतीने बदलली. त्याला ‘कॉन्सोनंट शिफ्ट’ म्हणतात. संस्कृतातला पितृ तिकडे फादर, पाद तिकडे फूट. त्रि तिकडे थ्री. दंत तिकडे टूथ, दश तिकडे टेन. प गेला फ कडे, त गेला थ कडे, द गेला ट कडे. व्यंजनं वाटेल तशी उधळली नाहीत. सगळी रांगच एकेक घर सरकली. एक्सेलच्या चौकोनांत आणि या व्यंजनांत शिफ्ट शब्द अगदी एकाच अर्थाने आला आहे.

कीबोर्डवरच्या शिफ्टचंही तसंच. १८७८ च्या रेमिंग्टन नंबर २ टाइपरायटरवर मोठी आणि लहान अशी दोन्ही अक्षरं एकाच खिळ्यावर कोरलेली होती. शिफ्ट दाबलं की कागदाचा रूळ खरोखरच सरकायचा आणि दुसरं अक्षर उमटायचं. यंत्र गेलं, नाव राहिलं. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर आपण क च्या कळीवर शिफ्ट दाबून ख काढतो, प च्या कळीवर फ, तेव्हा त्या सरकण्याचाच वापर करत असतो.

राहता राहिला विचारणाऱ्यांच्या ऑफिसातला रोजचा वापर. मीटिंग शुक्रवारी गेली तर ‘द मीटिंग हॅज बीन मूव्ह्ड टु फ्रायडे’ लिहा. शिफ्टेडही कळेल, पण मूव्ह्ड कानाला सरळ लागतं. तुम्ही टेस्टिंगच्या कामावर गेलात तर ‘आय मूव्ह्ड टु टेस्टिंग’ हे स्वतःहून, ‘आय वॉज मूव्ह्ड टु टेस्टिंग’ हे वरून ठरलेलं. टीमचं लक्ष नव्या कामाकडे वळलं असेल तर तिथे शिफ्ट अगदी योग्य: ‘वी हॅव शिफ्टेड अवर फोकस टु द न्यू रिलीज.’ गाडीचा गिअर टाकण्याला अमेरिकेत ‘शिफ्ट गिअर्स’ म्हणतात आणि ब्रिटनमध्ये ‘चेंज गिअर’, एवढं लंडनच्या सहकाऱ्याशी बोलताना लक्षात ठेवा. घरच्या मंडळींना, सोसायटीच्या सेक्रेटरींना, दिल्ली किंवा बंगळुरूच्या सहकाऱ्यांना ‘आय ॲम शिफ्टिंग’ खुशाल लिहा. त्यांच्यासाठी ते आपलं इंग्रजी आहे आणि पूर्ण बरोबर आहे. लंडनच्या त्या सहकाऱ्याला एका ओळीत उत्तर पाठवा: ‘मूव्हिंग हाउस. बॅक ऑन मंडे.’